३२ पानांचा संसार

चित्रपुस्तक म्हणजे लेखक-चित्रकाराचा संसार, असं म्हणतात. बहुतेकदा दोघांची गाठभेटही होत नाही; सगळे निरोप संपादकाच्या तोंडी. ‘द ग्रफलो’ (१९९९) हे चित्रपुस्तक करणारे लेखिका ज्युलिया डोनाल्डसन आणि चित्रकार अ‍ॅक्सेल शेफलर यांचंही बरंचसं बोलणं संपादकामार्फतच चालतं. त्यांचा संसार टिकलाय तो बहुधा म्हणूनच. माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यांच्याकडे रुसायचं कुणी कुणावर?

माझी आणि माझ्या चित्रकाराची मात्र भेट झाली. मी लिहिलं होतं, ‘लाल फ्रॉक घातलेली चिमी पेरूच्या झाडावर चढली.’ चित्रात फ्रॉक लाल, झाड पेरूचं, चिमी वर. ‘मग हे वाक्य कशाला?’ म्हणत चित्रकाराने त्यावर शांतपणे पेन्सिल फिरवली. शिवाय झाडाखाली एक मांजर बसवलं, माझ्या गोष्टीत नसलेलं. पोरं नेमकी त्या मांजरालाच चिकटली! १६-१६ पानांचे दोन फर्मे, म्हणजे ३२ पानं. त्यात माझी वाक्यं उरली अकरा.

सूड प्रकाशकाने उगवला. मुखपृष्ठावर माझं नाव ठळक. चित्रकाराचं आत, किमतीच्या खाली, मुंगीएवढं. मी निषेध नोंदवणारच होते, पण तोवर पुस्तक छापून आलं होतं.