मेमरीकाका

कॉम्प्युटरवर ‘मेमरी कमी आहे’ अशी पाटी झळकली की ज्यांच्याकडे पैसा असतो ती माणसं दुकान गाठतात. तिथला पोरगा मशीनकडे न बघताच ‘रॅम वाढवा’ किंवा ‘फॉरमॅट मारा’ यांपैकी एक काहीतरी सांगतो. ज्यांच्याकडे वेळ असतो ती मेमरीकाकांना बोलावतात. हे काका पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत सापडतात, बहुधा पहिल्या मजल्यावर, बहुधा बँकेतून निवृत्त. बोलवावं लागतं असंही नाही. जिन्यात कुणापाशी नुसतं ‘आमचा पीसी हल्ली हँग होतो’ एवढं पुटपुटलं तरी चहाच्या आत बेल वाजते.

काकांच्या स्वभावाचं मूळ ६४० केबीत आहे. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत लेजर पोस्टिंग मशिनं येऊ लागली. बाकीचे युनियनकडे बघत असताना ज्यांनी मशीनवर बसायला हात वर केला, त्यांतले हे. डॉसच्या त्या काळात मेमरीचा हिशेब १ एमबीचा. त्यातले ६४० केबी प्रोग्रॅमांना, उरलेले ३८४ मशीनच्या स्वतःच्या कामाला. ‘कॉन्फिग डॉट सिस’मधली ओळ इकडची तिकडे करून चार केबी वाचले, की त्या दिवशी काका ताठ मानेनं घरी येत. ‘६४० केबी कुणालाही पुरेत’ असं बिल गेट्स म्हणाला होता, हे ते शपथेवर सांगतात. गेट्सनं ते साफ नाकारलंय म्हटलं तर उत्तर तयार : “तेव्हा म्हणाला, आता लाजतो.” अशा माणसाला ८ जीबी भरल्याचं कळतं तेव्हा त्याला बिघाड दिसत नाही, उधळपट्टी दिसते.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे हा प्रयोग मी जवळून पाहिला.

“आठ जीबी पुरत नाही?” काका खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले. “वहिनी, आमची अख्खी शाखा ६४० केबीत चालायची!”

“अहो भाऊजी, मी खूप काढून टाकलं. बारशाचे सगळे व्हिडिओ उडवले, तरी याचं रडगाणं चालूच.”

इथे काकांना सूर सापडला. “रॅम म्हणजे तुमचा ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर पसारा झाला म्हणून माळ्यावरची पातेली मोडीत काढलीत तर ओटा मोकळा होईल का? ओट्यावर जागा उरली नाही की विंडोज थोडं सामान माळ्यावर नेऊन ठेवतं, लागलं की पुन्हा खाली आणतं. ही खरखर ऐकू येतेय ना? ती शिडीवरची चढउतार. म्हणून मशीन स्लो.”

दाखला चोख होता. पण काकूंचा अकरावीतला नातू दारात उभा राहून ऐकत होता. “आजोबा, सी ड्राइव्हच गच्च भरला असेल तर माळ्यावर ठेवणार कुठे? पेजफाइलला वाढायला जागा नसली तरी हाच एरर येतो. म्हणजे आजीनं व्हिडिओ उडवले ते बरोबरच की.”

“तेच मी मघापासून सांगतोय,” काका म्हणाले. हे वाक्य त्यांच्याकडे कायम तयार असतं, आणि ते इतक्या शांतपणे येतं की समोरच्यालाच वाटतं, आपलं लक्ष नव्हतं.

मग त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि मेमरीच्या रकान्यावर टिचकी मारली. सर्वांत खादाड प्रोग्रॅम वर आले. काका चष्मा कपाळावर चढवून मोठ्यानं हजेरी घेऊ लागले. ब्राउझर, ब्राउझर, पुन्हा ब्राउझर.

“मी एकदाच उघडलाय हो,” काकू कळवळल्या.

“एकदाच, पण आत टॅब किती? तो बहुतेक टॅबांचा संसार वेगळा मांडतो.” टॅब निघाले ते असे : उकडीच्या मोदकांच्या तीन कृती, पंचांग, विजेचं बिल, आणि दिवाळीत काढलेलं, प्रवासही उरकलेलं कोकण रेल्वेचं तिकीट. खाली दोन अँटिव्हायरस एकमेकांवर पाळत ठेवून बसलेले. त्याखाली एका प्रिंटरचा प्रोग्रॅम. प्रिंटर कधीच भंगारात गेला होता, प्रोग्रॅम मात्र रोज सकाळी मशीनबरोबर उठून हजर होत होता.

खरं तर रोगनिदान इथेच संपलं होतं. नको ते बंद करायचं, स्टार्टअपमधून नावं काढायची, सी ड्राइव्हवर थोडी जागा राखायची. पण नुसतं बंद करून उठले तर ते मेमरीकाका कसले? त्यांनी खिशातून चष्म्याचं जुनं पाकीट काढलं. त्यात स्टार स्क्रूड्रायव्हर, रंगकामाचा ब्रश आणि शाळकरी खोडरबर. डबा उघडला, रॅमची पट्टी काढली आणि तिचे सोनेरी दात रबरानं घासायला घेतले. हा उपाय खोटा नाही. दातांवर मळ साचून मशीन चालूच होईना तेव्हा तो गुण देतो. उघड्या टॅबांवर मात्र त्याचा काडीचा परिणाम होत नाही.

पट्टी परत बसवली. मशीननं तीन शिट्ट्या दिल्या. पट्टी पुन्हा काढली, कट्‌ आवाज येईतो दाबली. मशीन चालू झालं, पण काही न उघडताच अर्धी मेमरी भरलेली. नातवानं मधे हात घालून रीस्टार्टवर क्लिक केलं. आकडा झपकन खाली आला.

“मी रोज रात्री बंद करते की!” काकू म्हणाल्या.

नातू सांगू लागला, की विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय. ‘शट डाउन’ केलं तरी गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. एखाद्या ड्रायव्हरनं अडवलेली मेमरीही तशीच राहते. सगळं नव्यानं सुरू होतं ते रीस्टार्टनं.

“बघितलंत?” काका रबरावरची काळी भुकटी फुंकत म्हणाले. “रबराचा गुण यायला थोडा वेळ लागतो.”

पोहे झाले, दुसरा चहा झाला. काका चपला घालत असताना काकूंनी मोबाइल पुढे केला. त्यावर ‘स्टोरेज फुल’ येत होतं.

काकांनी तो उलटा केला, चारही कडांवरून अंगठा फिरवला आणि परत दिला.

“यात मी हात घालत नाही, वहिनी. याला स्क्रूच दिसत नाहीत.”