मांडव्याच्या पत्त्यावर करार

घरून काम करणारा स्वतंत्र कंत्राटदार, म्हणजे बोलीभाषेतला फ्रीलान्सर, कंपनीशी बोलणी करू लागला की पहिला खटका पत्त्यावर उडतो. पत्ता मांडव्याचा असेल तर हमखास. दूरच्या गिऱ्हाइकाला मांडवा ठाऊक असतो तो 1990 च्या ‘अग्निपथ’मुळे, त्यामुळे समोरचा माणूस वेबसाइट करून द्यायला आला आहे की बापाचा सूड घ्यायला, हे ताडण्यात त्याची पाच मिनिटे जातात. मुंबईच्या गिऱ्हाइकाच्या लेखी मांडवा म्हणजे जेट्टी, शनिवार-रविवार आणि दुसऱ्याचा बंगला. गाव अलिबाग तालुक्यात आहे हे कळताच ‘अलिबाग से आया है क्या?’ हा सुप्रसिद्ध हिंदी टोमणा त्याच्या ओठांवर येतो. या टोमण्यावर बंदी घाला म्हणून एक याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. असे विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनावर घेऊ नये, अशा अर्थाचे सांगून न्यायालयाने 2019 मध्ये ती फेटाळली. कंत्राटदारानेही टोमणा मनावर घेऊ नये, दरात धरावा.

दर हा पुढचा मुद्दा. “गावाला राहता, तुम्हाला खर्च तो काय?” असे विचारून गिऱ्हाईक चतकोर रक्कम छाटू पाहते. मांडव्यात नारळ आपोआप डोक्यावर पडतात आणि पापलेट चालत स्वयंपाकघरात येते, अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर बंगले उठू लागल्यापासून पापलेटचा भाव मासळी पाहून ठरत नाही, पिशवी धरणाऱ्याचा चष्मा पाहून ठरतो. शिवाय इन्व्हर्टर, आणि एक नेट गेले तर असावे म्हणून दुसरे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या किनाऱ्यावर आदळले आणि विजेचे खांब आडवे झाले. साऱ्या देशाला घरून काम करायला शिकवणाऱ्या त्या वर्षी इथे घरही होते, कामही होते, मध्ये वीज तेवढी नव्हती. तेव्हा दर कामाचा सांगावा, पिनकोडचा सांगू नये; आणि वादळाने मुदत हुकली तर दंड नाही, असे एक वाक्य करारात घालून घ्यावे.

खरी घासाघीस होते ती देखरेखीवरून. पगार द्यायचा नाही, रजा द्यायची नाही, भविष्य निर्वाह निधीचे नाव काढायचे नाही, पण सकाळी साडेनऊला माणूस कॅमेऱ्यासमोर अंघोळ करून बसलेला हवा, ही कंपनीची किमान अपेक्षा. इथे कायद्याचा एक जुना धडा उपयोगी पडतो. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात प्रश्न मिठागरातल्या अगरियांचा होता. त्यांना मोबदला मिठाच्या वजनावर मिळे, मदतीला स्वतःची माणसेही घेता येत. म्हणून कंपनी म्हणे, हे कंत्राटदार. सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्ये पाहिले की काम कसे करायचे यावर हुकमत कोणाची आहे, आणि अगरियांना कामगार ठरवले. पेण-उरणची मिठागरे पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. काय हवे ते मालकाने सांगावे; कसे करायचे हेही तोच सांगू लागला, तर त्याने पगारपत्रकही काढावे.

याहून सोपे उदाहरण माडावर आहे. नारळ उतरवणारा स्वतःचा कोयता घेऊन येतो, माडामागे पैसे घेतो आणि सवडीने येतो. वर गेल्यावर दर तासाला स्क्रीनशॉट पाठव, असे त्याला अजून कोणी सांगितलेले नाही. सांगून पाहायला हरकत नाही. फक्त त्या वेळी माडाखाली उभे राहू नये.

मग येते ‘महिन्यातून दोनदा ऑफिसला या’ हे कलम. दिसायला निरुपद्रवी. गेटवे ऑफ इंडियाहून मांडवा बोटीने तासाभरावर, आणि पेण-वडखळचा वळसा घेतला तर शंभरेक किलोमीटर. गेटवेच्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्याहून मार्च 2020 मध्ये सुरू झालेली रो-रो पावसाळ्यातही चालते, पण शेवटचा शब्द हवामानाचा. म्हणून भाडे कोणी द्यायचे, जाण्यायेण्यात गेलेला दिवस बिलात धरायचा की नाही, आणि बोट रद्द झाली तर गैरहजेरी कोणाच्या खाती, हे आधीच लिहून घ्यावे. ‘परस्पर सामंजस्याने ठरेल’ असे जिथे लिहिले जाते, तिथे ते कंत्राटदाराच्या खिशातून ठरते.

उरले पैसे. बिलातून सहसा दहा टक्के टीडीएस कापला जातो, त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. विवरणपत्रात तो वजा मिळतो. उद्यम नोंदणी मात्र करून ठेवावी. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लेखी करारातही पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपुढे नेता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होते. हे कलम ईमेलमध्ये मोठ्या अदबीने उद्धृत करावे. एवढ्यानेही हिशेब खात्यातले साहेब ‘मीटिंगमध्ये’च राहिले, तर समोरासमोर भेटणे उत्तम. वर्षभर ऑफिसचे नाव काढले की कुरकुरणारा कंत्राटदार त्या दिवशी सकाळची पहिली बोट धरतो.