अर्धी बाई

खाप्याहून सकाळच्या एसटीनं मी नागपूरला शिकायला जाऊ लागले, तेव्हा आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत परस्पर ठरून गेलं की पोरगी डॉक्टर होणार. खरं नाव मी एकदा सांगून पाहिलं : सहाय्यकारी परिचारिका प्रसविका. ते म्हणून होईस्तोवर एखादी बाळंत होऊन जाईल! शेवटी लोकांनी 'एएनएम' पत्करलं आणि शेजारच्या आजीनं 'सुईन'.

आजी स्वतः जुनी सुईन. सरकारनं गावोगावच्या दायांना प्रशिक्षण दिलं, त्यात ती 'पाच स्वच्छता' शिकून आली : हात, जागा, पातं, दोरा, नाळ. घरोघरी हातमाग, त्यामुळे नाळ बांधायला दोऱ्याची ददात नव्हती. तो उकळून घ्यायचा, एवढं तिथं कळलं. तेव्हापासून ती चहासुद्धा त्याच हिशेबानं उकळते. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणं दवाखान्यात गेली आणि आजी ओट्यावर बसली.

माझा कोर्स दोन वर्षांचा. पहिली पेशंट म्हणजे रबरी अर्धी बाई. बेंबीच्या वर काही नाही, मांडीच्या खाली काही नाही. भारी गुणी! ओरडत नाही, सासूला हाका मारत नाही. तिच्या पोटातून बाहुली इतक्या वेळा सुखरूप काढली की मला वाटलं, आपण शिकलो.

पिशवीचं तोंड किती उघडलं ते बोटांनीच चाचपून सांगायचं. चार सेंटिमीटरला पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपणाचा आलेख, भरायला घ्यायचा, दहाला पूर्ण. मग घरी डोळे मिटून सराव. मिठाची बरणी पाच, तेलाची साडेसहा. लगेच पट्टीनं पडताळा. बाबांच्या हातातला चहाचा कप चाचपून मी "सात" म्हणाले, तेव्हापासून आईनं कप वरच्या फळीवर ठेवले.

पिनार नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं 1895 साली एक कर्णा काढला. तो पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायचे. वॉर्डातल्या एका बाईच्या पोटावर मी मोजले 88. हवेत 110 ते 160! माझेच हातपाय गार. सिस्टरनी शांतपणे बाईचं मनगट धरलं. "आईचे मोजलेस." पुढच्या खेपेला मी छताचा पंखा मोजला.

पहिलं खरं बाळंतपण रात्री आलं. त्या बाईनं कळ आली तशी माझं मनगट पकडलं. अर्ध्या बाईला हात नव्हते, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती "माय वं" म्हणाली. मीही म्हणाले, तिच्याहून मोठ्यानं. डोकं दिसलं, मी सरसावले, तर सिस्टरनी माझ्या हातांवर हात ठेवले. "ओढू नको. येतंय ते." आलंच. पहाटे 4:10, वजन 2 किलो 700.

सकाळी गल्लीत शिरले तर आजी ओट्यावर.

"आधी कोन रडलं वं?"

"बाळ."

तिनं माझ्या मनगटावरची पाच निळी बोटं बघितली आणि काही न बोलता चहा ठेवायला आत गेली. चहा अर्ध्या तासानं आला.