वजाबाकी न येणारे दप्तर

पलटणीतून पेन्शनवर आलेल्या माणसाला आपल्याकडे गाव मेजर म्हणते. तो नाईक म्हणून परतला असो की हवालदार म्हणून, लोणार तालुक्यातल्या बीबीच्या स्टँडवर ट्रंक घेऊन उतरला की झाला मेजर. या बढतीसाठी अर्ज करावा लागत नाही, पार्ट टू ऑर्डर निघत नाही, राजपत्रात काही छापून येत नाही. गावाची ही उदारता नियमाला धरून नाही, आणि नाईक व मेजर यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत हे खुद्द मेजरांनाही ठाऊक असते. पण गाव चुकते ते निदान देण्याच्या बाजूने. सरकारी दप्तर चुकले की सहसा न देण्याच्या बाजूने चुकते, आणि वर त्या चुकीला 'नोंद' म्हणते. सैनिकाच्या सेवापुस्तकात एखादे पदक लिहायचे राहून गेले, तर ते शोधायचे कोणी? आजची पद्धत सांगते, ज्याचे राहिले त्याने. आमचे म्हणणे एवढेच की ज्याच्या कपाटात पुरावा आहे त्याने.

आधी एक गल्लत दूर करू. पदक म्हटले की आपल्याला परमवीरचक्र आठवते. शौर्यपदकाला शिफारस लागते, साक्षीदार लागतात, वरच्या साहेबांचे मत लागते. ते मिळाले नाही म्हणून हळहळता येते, पण गणित मांडून ते सिद्ध करता येत नाही. गावोगावच्या मेजरांची तक्रार बहुधा त्या पदकांची नसतेच. ती असते सेवापदकांची: १९६५ चे समर सेवा स्टार आणि रक्षा पदक, १९७१ चे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक, कारगिलचे ऑपरेशन विजय पदक, सियाचिनचे पदक, नऊ आणि वीस वर्षांच्या दीर्घ सेवेची पदके. ही पदके पराक्रम मोजत नाहीत. अमुक काळात हा माणूस अमुक ठिकाणी होता, किंवा इतकी वर्षे नोकरीत होता, एवढेच ती सांगतात. आणि शिपाई कोणत्या तारखेला कुठे होता हे शिपायापेक्षा सरकारला जास्त पक्के ठाऊक असते. त्याला तिकडे धाडले सरकारने, रेल्वेचे वॉरंट फाडले सरकारने, तिथला भत्ता मोजून दिला तोही सरकारनेच.

यातल्या एका पदकाची कथा तर अशी आहे की त्यावर वाद घालायला लोणारच्या कोर्टातला वकीलही तयार होणार नाही. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा एक पदक काढले गेले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी माणूस सेवेत हवा, एवढीच त्याची अट. आता समजा, बीबीचा एक जवान १९७० साली भरती झाला आणि १९८६ साली पेन्शनवर आला. दोन्ही तारखा रेकॉर्ड ऑफिसनेच लिहिल्या, शिक्का मारला, त्यावरूनच पेन्शन ठरवले. १९७२ हे साल १९७० आणि १९८६ यांच्या मध्ये पडते की नाही, हे जिल्हा परिषदेच्या शाळेतले दुसरीचे पोर बोटांवर मोजून सांगेल. तरीही डिस्चार्ज बुकात त्या पदकाची ओळ नसेल, तर मेजरांनी अर्ज लिहायचा आणि सोबत डिस्चार्ज बुकाची साक्षांकित प्रत जोडायची. म्हणजे ज्या कार्यालयाने बुक दिले, त्यालाच ते बुक पुन्हा वाचून दाखवायचे. दीर्घ सेवापदकाचेही तसेच. सोळा वर्षांची सेवा मान्य करून त्यावर पेन्शन देणारे दप्तर, आचरणाची पाने स्वच्छ असतानाही, या माणसाची नऊ वर्षे भरली होती काय, असे शेजारच्या रकान्यात विचारते. वजाबाकी आपल्याकडे दुसरीत शिकवतात. खात्यांतर्गत परीक्षेत ती विचारत नसावेत.

ही ओळ सुटते कशी, तेही पाहण्यासारखे आहे. सैनिकाच्या आयुष्यात जे घडते ते पलटणीचा क्लार्क पार्ट टू ऑर्डरमध्ये लिहितो आणि ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते: मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावला, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याची नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला. ज्याची ऑर्डर निघाली त्याची नोंद झाली. ज्याची निघाली नाही तो त्या डोंगरावर गेलाच नाही. यादी होत असताना माणूस दुसऱ्या तुकडीला जोडलेला असेल, बदलीच्या वाटेवर असेल किंवा जखमी होऊन लष्करी इस्पितळात पडला असेल, तर नाव मागे राहण्याची भीती. म्हणजे ज्याने अंमळ जास्त सोसले, त्याचीच ओळ सुटण्याचा संभव जास्त. त्यात नावाची भानगड. आपला ज्ञानेश्वर भरतीच्या दिवशी परप्रांतीय क्लार्कसमोर उभा राहतो आणि इंग्रजी 'जी'ने सुरू होणारा ग्यानेश्वर होऊन बाहेर पडतो. आधार कार्डावर तो 'डी'चा असतो. माणसे त्याला दोन्ही नावांनी ओळखतात. संगणकाच्या लेखी मात्र हे दोन वेगळे इसम, आणि दोघांपैकी कोणाच्याही नावावर पूर्ण नोकरी नाही. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते, त्यामुळे आधी नाव दुरुस्त करा, मग पदकाचे बोला, हे उत्तर तयारच असते.

हे उत्तर आणायला मेजरांनी बीबीहून मेहकर, चिखली करत बुलढाण्याला जायचे. तिथले जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज घेते आणि पुढे धाडते. याहून जास्त त्याच्या हातात काही नाही. (याच लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा जवान २०१९ साली पुलवाम्यात गेला. तो सीआरपीएफचा. त्या दलातून निवृत्त होऊन आलेला माणूस सरकारच्या व्याख्येत माजी सैनिकात मोडत नाही. त्याने राहिलेली ओळ कोणत्या खिडकीवर मागायची, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो लेख विनोदी होणार नाही.)

आता त्याच दप्तराची दुसरी बाजू बघा. दर नोव्हेंबरात सरकार मेजरांना आवर्जून एक प्रश्न विचारते: आपण जिवंत आहात काय? त्यासाठी जीवन प्रमाणपत्र, त्यासाठी मशीनवर अंगठा, अंगठ्याच्या रेषा नांगर धरून पुसल्या असतील तर डोळ्याची बाहुली. हा सगळा खटाटोप 'स्पर्श' नावाच्या प्रणालीत जमा होतो. पेन्शनचा एक हप्ताही चुकून जास्त जाऊ नये म्हणून दरवर्षी जागे होणारी ही यंत्रणा, पदक चुकून कमी गेले काय हे बघायला पन्नास वर्षांत एकदाही उठून बसलेली नाही. बरे, जगण्यामरण्याच्या बाबतीत तरी दप्तराचा शब्द शेवटचा असतो म्हणावे, तर तेही नाही. १९९९ साली टायगर हिलच्या लढाईसाठी १८ ग्रेनेडियर्सच्या योगेंद्रसिंह यादवांना परमवीरचक्र जाहीर झाले ते मरणोत्तर म्हणून. यादव त्या वेळी इस्पितळात होते आणि श्वास घेत होते. त्याच पलटणीत त्याच नावाचा दुसरा जवान धारातीर्थी पडला होता. चूक तत्काळ दुरुस्त झाली, कारण सारा देश टीव्हीसमोर बसला होता. कोणी तरी बघत असले की दप्तर झटपट शिकते, असा याचा अर्थ घ्यायचा. बीबीकडे कॅमेरा कोण वळवणार?

यावर पहिली हरकत अशी की दार उघडले तर तोतये घुसतील. तोतयांबद्दल आम्हालाही प्रेम नाही, आणि सैनिकाचा वेश करून फसवणाऱ्याला कायद्यात शिक्षा आहेच. पण तोतया बेळगावला अर्ज कशाला करील? तो बाजारात जातो, फीत विकत घेतो, छातीला लावतो आणि उद्घाटनाला हजर होतो. माझे नाव, माझा नंबर, माझ्या तारखा तुमच्या वहीत पडताळून पाहा, असे म्हणणारा माणूस नेमका तोतया नसतो.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे, म्हणून तिला जास्त जागा देऊ. जुने कागद उरलेच नाहीत, असे सांगतात. हे काही अंशी खरे आहे. पेन्शन न घेता बाहेर पडलेल्या शिपायाचे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याची तरतूद लष्कराच्या नियमांतच आहे. मागे उरतो तो लाँग रोल, म्हणजे चार ओळींचा माणूस. पण कागद गेला म्हणजे घटना गेली असे धरायचे, तर अमेरिकेने काय करावे? १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. तिथल्या सरकारने, पुरावा आणा, नाहीतर घरी बसा, असे म्हटले नाही. पगाराची बिले, इस्पितळाच्या वह्या, तुकड्यांचे रोजचे अहवाल जमवून फायली पुन्हा उभ्या करायचे काम सुरू झाले. सेवेच्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी तिथे १९४६ च्या कायद्यापासून स्वतंत्र मंडळे आहेत. त्या देशाला संत ठरवण्याची घाई नको. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये एकट्याने शत्रूची टोळी थोपवणारा कृष्णवर्णीय शिपाई हेन्री जॉन्सन घरी परतला तेव्हा त्याच्या सेवामुक्तीच्या कागदावर जखमांचा उल्लेखच नव्हता. तो १९२९ साली वारला. जखमी सैनिकाचे पदक त्याला १९९६ साली मिळाले आणि सर्वोच्च पदक २०१५ साली. उशीर तिथेही होतो, पण दुरुस्तीला वाट आहे. आपल्याकडे पलटणीची युद्धदैनंदिनी आहे, वेतनाच्या नोंदी आहेत, आणि पेन्शनधारकाची फाईल तर शाबूत आहेच. नाहीतर दर महिन्याला पैसे कोणाच्या नावावर जमा होतात?

पुरावा दुसऱ्याच्या वहीत असला तरी आपल्या दप्तराला तो दिसत नाही, याचा नमुना सांगली जिल्ह्यात आहे. मुरलीकांत पेटकर लष्कराच्या ईएमई दलाचे जवान, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक घेतले, वेळ ३७.३३ सेकंद. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंद होती, जर्मनीत. आपल्याकडे पद्मश्री २०१८ साली आली, आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्यावर सिनेमा निघून गेल्यावर, २०२५ च्या जानेवारीत हाती पडला. पडद्यावर दिसलेला पुरावा ग्राह्य धरतात असे दिसते.

सेवापदकाला पैसा नाही, मग एवढा आटापिटा कशाला, असे म्हणणारे शहाणेही भेटतात. पैसा नाही हे खरे. म्हणूनच तर सरकारच्या चिकटपणाचे कोडे उलगडत नाही. तिजोरीला तोशीस लागणार नसताना ओळ लिहायला काय जाते? अडचण टाकसाळीची असेल तर तसे सांगावे. लाखो पदकांचा अनुशेष साचल्याच्या बातम्या मागे येऊन गेल्याच आहेत. अनुशेष शब्दाला विदर्भ घाबरत नाही. आमच्या सिंचनाचा अनुशेष मोजायला १९८३ साली दांडेकर समिती बसली होती, तेव्हापासून आम्ही त्याच्याशी घरोबा करून आहोत. पदक सवडीने पाडा, पण ओळ तर आज लिहा. ओळीला धातू लागत नाही.

उरली ती वेळेची हरकत: इतकी वर्षे मेजर गप्प का बसले? १९७१ च्या लढाईत विशीत असलेला माणूस आज पंचाहत्तरीकडे झुकला आहे किंवा ओलांडून गेला आहे. नोकरीत असताना हेडक्लार्कला प्रश्न विचारणे शिस्तीत बसत नव्हते, आणि पेन्शनवर आल्यावर कापूस-सोयाबीनने मान वर काढू दिली नाही. कायदा मात्र चोख आहे. सशस्त्र दल न्यायाधिकरणात दाद मागायची तर अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे आणि ते तो वापरतेही, हे कबूल. तरी हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: चूक पन्नास वर्षे नांदू शकते, तक्रारीला सहा महिने. कारगिलमध्ये बटालिकला ब्रिगेड चालवणाऱ्या ब्रिगेडियर देविंदरसिंगांना आपल्या कामगिरीची नोंद सरळ करून घ्यायला २०१० पर्यंत थांबावे लागले. त्यांच्याबाबत पक्षपात झाला, असा निष्कर्ष न्यायाधिकरणाने काढला. ब्रिगेडियरांना इंग्रजी येते, दिल्लीत वकील मिळतो. बीबीच्या नाईकाला माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आणि नातवाचा मोबाइल.

करायचे काय, याचे उत्तर बीबीच्याच शेजारी आहे. लोणारच्या विवराचे वय सुमारे ५० हजार वर्षे असे पुष्कळ दिवस छापले जात होते. २०११ च्या अभ्यासाने ते ५ लाख ७० हजारांच्या घरात नेऊन ठेवले. संशोधकांनी विवराकडे जन्माचा दाखला मागितला नाही. दगड उचलला आणि दगडातच तपासले. रेकॉर्ड ऑफिसला तर दगडही उचलायचा नाही. 'स्पर्श'मध्ये भरतीची तारीख आहे, निवृत्तीची आहे, पलटणीचे नाव आहे. कोणती पलटण १९७१ च्या डिसेंबरात कुठे होती हे लष्करानेच लिहून ठेवले आहे. दोन याद्या समोरासमोर ठेवायच्या, ज्यांची ओळ सुटली त्यांची नावे काढायची, आणि नोव्हेंबरात जिवंत आहात काय हे विचारतानाच, तुमची ही तीन पदके लिहायची राहिली होती, लिहिली, असे कळवायचे. जिथे याद्या जुळणार नाहीत तिथे खुशाल पुरावा मागा. पण तो अपवाद असू द्या.

असे होणार नाही म्हणता? मग आजची पद्धत आहेच. अर्ज, स्मरणपत्र, नाव जुळत नाही, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज. एवढ्यात मेजर गेले, तरी दप्तराची तयारी पूर्ण आहे: पदक वारसाला देता येते. वारसाने फक्त वारस दाखला आणायचा, आणि त्या दाखल्यावरचे मयताचे नाव इंग्रजी 'जी'ने सुरू होणारे असले पाहिजे.