काढण्याची कला

मुलाखतीला निघालेल्या कलाविद्यार्थ्याची काळी, झिपवाली फाइल उघडली की हटकून रुखवत आठवतं. गुण मांडायचे म्हणजे हाताने केलेलं झाडून सगळं मांडायचं, हे आपल्याकडे लग्नमंडपातल्या त्या टेबलानेच ठरवून टाकलंय. म्हणून फाइलमध्ये एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या स्थिरचित्रातली सुरई असते, इंटरमिजिएटचं संकल्पचित्र असतं, वारली असते, मधुबनी असते, निदान तीन गणपती असतात आणि पेन्सिलीने छटा दिलेला, अश्रू ढाळणारा एक भलामोठा डोळा असतो. (दुसरा डोळा कुठे असतो, देव जाणे.) पण रुखवत बघणाऱ्याला ‘किती केलंय!’ म्हणायचं असतं. फाइल बघणाऱ्याला हा पोरगा बघतो कसा, हे हुडकायचं असतं. मराठीत चित्र कागदावरही काढतात आणि फाइलमधूनही. पहिल्या काढण्याचे गल्लोगल्ली क्लास आहेत, दुसऱ्याचे शोधावे लागतात, आणि पोर्टफोलिओ उभा राहतो तो दुसऱ्यावर.

इटालियन चित्रकार वासारीने १५५० साली छापलेल्या चित्रकारांच्या चरित्रांत जोत्तोची गोष्ट आहे. पोपच्या दूताने कामाचा नमुना मागितला, तर या गृहस्थाने लाल रंगात बुडवलेल्या कुंचल्याने, कंपासाशिवाय, एका दमात वर्तुळ काढून दिलं. एवढंच? म्हणून दूत खट्टू झाला. काम मात्र जोत्तोलाच मिळालं. जोत्तो वारल्यावर दोनशे वर्षांनी लिहिलेली ही गोष्ट खरी असेलच असं नाही, आणि आपल्याकडे कर्तव्यभूमितीच्या परीक्षकाने ‘रचनारेषा कुठायत?’ म्हणून गुणही कापले असते. शिवाय प्रत्येक जण जोत्तो नसतो, हा आक्षेप रास्तच आहे. पण जोत्तो नसलेल्याने तर जास्तच जपायला हवं. दहा बऱ्या चित्रांत दोन फसलेली घुसली, की बघणाऱ्याला फसलेल्या चित्रांचं फारसं वाटत नाही. ती फसलीत हे याला कळलं नाही, याचं वाटतं.

‘फाइल पातळ दिसली तर आळशी ठरवतील’ ही पालकांची भीती. त्यावर उपाय रफ वही. फोटोवरून हुबेहूब उतरवलेला नट फोटो चांगला होता एवढंच सिद्ध करतो. एसटी स्टँडवर बोचक्यावर डोकं टेकून झोपलेला माणूस, त्याचा तीनदा चुकलेला आणि चौथ्यांदा जमलेला हात, यांतून मेहनतही दिसते आणि नजरही. ‘पण ती वही किती मळलेली!’ असू दे. फक्त हे एकदा सगळ्यांना कळलं की रफ वह्याही फेअर करून मिळू लागतील, पानावर चहाचे डागसुद्धा पाडलेले असतील. ते ओळखणं अवघड जाणार नाही. डाग संकल्पचित्राच्या नियमाप्रमाणे पडलेले असतील: कोपऱ्यात, समतोल साधून, दोन्ही बाजूंना सारखे.