बीमवाले भाऊ

अहेरीत कुणी वर बघत चालताना दिसलं तर दोन शक्यता असतात. एक तर छपरांवर वांदरं आली आहेत, नाहीतर बीमवाले भाऊ बाजाराला निघाले आहेत. वांदरांची फारशी चिंता नसते, ती आली तशी जातात. भाऊंची नजर ज्या वस्तूवर पडते ती मात्र पुन्हा आपल्या जुन्या कामाला लागत नाही.

बीमवाले भाऊ हा कुणी एक माणूस नव्हे, ती जात आहे. दादरला असते, नाशिकला असते. अहेरीत जरा उठून दिसते इतकंच. पोटासाठी भाऊ मास्तरकी करत असतील, बँकेत असतील किंवा एसटीच्या आगारात असतील. सरकारदरबारी ते हौशी रेडिओचालक, आपसात हॅम. केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाची परीक्षा देऊन त्यांनी लायसन्स काढलेलं असतं आणि व्हीयू-३ नं सुरू होणारी कॉल साइन मिळवलेली असते. मोर्सची कटकट ज्यांना जमली ते व्हीयू-२. राजीव गांधी व्हीयू-२-आरजी होते, हे भाऊ दुसऱ्याच वाक्यात सांगतात. पहिल्या वाक्यात नमस्कार असतो.

आता या माणसाला काय हवं असतं? बीम हवा असतो. साधी तार टांगली तर रेडिओलहर चहूकडे सांडते. बीम ती गोळा करून एका दिशेला ढकलतो. मागं एक लांब दांडी, मधे जराशी आखूड, पुढं त्याहून आखूड. मधलीला वीज मिळते, बाकीच्या दोघी फुकट राबतात. एकेकाळी घरोघरच्या छतावर टीव्हीसाठी जो सांगाडा उभा असे त्याचंच हे थोरलं घराणं. १९२६ साली जपानच्या सेंदाईत तो निघाला, प्राध्यापक यागी आणि त्यांचे कनिष्ठ सहकारी उदा यांच्या हातून. राबले उदा, गाजले यागी. ही कथा भाऊ चहाच्या टपरीवर सांगतात तेव्हा तहसील कचेरीतले कारकून उसासा टाकून मान हलवतात. पुढचा भाग तर भाऊंचा खास लाडका. १९४२ मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतलं, तिथं इंग्रजांच्या रडारची टिपणं हाती लागली, त्यात जागोजागी ‘यागी’ लिहिलेलं. जपानी अधिकाऱ्यांना त्याचा अर्थ लागेना. शेवटी एका इंग्रज कैद्यानं सांगितलं, अहो, हे तुमच्याच माणसाचं नाव! इथं भाऊ थांबतात, डोळे पुसतात आणि चहाचे पैसे द्यायचे विसरतात.

गणित सोपं आहे. ३०० ला मेगाहर्ट्झनं भागा, लहरीची लांबी मीटरमध्ये येते. भाऊंचा जीव जडलेला असतो दहा मीटरच्या बँडवर, २८.४ मेगाहर्ट्झवर. म्हणजे अर्धी लहर सव्वापाच मीटर, त्यातून थोडी काटछाट करून दांडी पाच मीटरची. अशा तीन. हा बँड सूर्याच्या मर्जीवर चालतो. सूर्यावरचे डाग वाढले की जग ऐकू येतं, कमी झाले की शुकशुकाट. हे चक्र साधारण ११ वर्षांचं. भाऊंनी सामान जमवायला घेतलं तेव्हा डाग वाढत होते. आता ते कळस गाठून उतरणीला लागलेत आणि भाऊंचा एक यू-बोल्ट अजून मिळायचा आहे.

कारण सामान. सूरजागडचं लोखंड ट्रकच्या ट्रक भरून आलापल्लीवरून जातं. धुळीनं झाडं लाल होतात. भाऊंना लोखंड नको, अ‍ॅल्युमिनियम हवं. सागवान हवं तेवढं, बांबू हवा तेवढा, पण एक इंची अ‍ॅल्युमिनियमचा पाइप म्हटलं की चंद्रपूर गाठा.

त्याआधी कबाडी. डिश आल्यावर गावातल्या जुन्या टीव्ही-अँटेना त्याच्याकडेच मुक्कामाला गेल्या. भाऊ त्यातली एकेक दांडी उचलून बोटानं वाजवून बघतात, आतून नळी आहे की भरीव ते ताडतात, वाकलेल्या आवर्जून बाजूला ठेवतात.

“वाकडी कायले पायजे जी तुमाले? सरळ आहेत ना या!”

“वाकडीची किंमत कमी.”

“वजनावर आहे जी. वाकडीचंही वजन तेवढंच भरते.”

या दांड्या मीटरभराच्या. पाच मीटरसाठी शेवटी चंद्रपूर करावंच लागतं. तिथं पाइप बारा फुटी मिळतो आणि बारा फूट पाइप घेऊन एसटीत चढणाऱ्याला आपल्या देशात लोकशाही कशी काम करते ते कळतं. कंडक्टर म्हणतो, हे नाही चढणार. मागची बाई म्हणते, चढू द्या, माझ्या डोक्यावरून जाऊ द्या फक्त. ड्रायव्हर म्हणतो, खिडकीबाहेर काढायचा नाही. गोंडपिपरीला अर्धी बस पाइपच्या बाजूची, अर्धी विरोधात. आष्टीपर्यंत मतभेद मिटतात. आलापल्लीला उतरणारा पोरगा पाइप ओलांडताना पाया पडून जातो. तिकीट किती लावायचं हे कंडक्टरला अहेरीपर्यंत सुचत नाही.

घरी आल्यावर कळतं की एक इंचाच्या पोटात बाजारात मिळणारा पाऊण इंच बसतो खरा, पण खुळखुळतो. मधला सातअष्टमांश कुणी ठेवत नाही. जगभरचे हॅम अशा वेळी बिअरचा रिकामा डबा कापून त्याची पट्टी पाचर म्हणून घालतात. पुस्तकात तसं चित्रच असतं. पण गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी! नदीपलीकडे तेलंगणात डब्यांचा खच पडलेला असतो, पण रिकामे डबे पिशवीत भरून प्राणहितेच्या पुलावरून येणाऱ्या प्रतिष्ठित गृहस्थानं “पाचर ठोकायची आहे” असं सांगितलं तर त्यावर कोण विश्वास ठेवणार? भाऊंनी कोल्ड्रिंकच्या डब्यांवर भागवलं. ते डबे रिकामे करायचं काम गल्लीतल्या पोरांनी विनामोबदला केलं.

यागी उभा राहिला. दुसऱ्या दिवशी वांदरांच्या टोळीनं त्याची क्षमता तपासली. पुढच्या दांडीवर एक, मागच्या दांडीवर दोन आणि एका थोर हुप्प्यानं मधोमध बसून सकाळचं ऊन घेतलं. पुढची दांडी, जिला डायरेक्टर म्हणतात, जमिनीकडे बघू लागली.

इथं दुसरा कुणी हात टेकून डिश टीव्हीकडे वळला असता. भाऊ मात्र त्या संध्याकाळी खुशीत दिसले. मोडलं म्हणजे पुन्हा जमवायचं आलं. आणि आता त्यांना क्वाड आठवला होता.

क्वाडचं मूळ दक्षिण अमेरिकेतलं. इक्वेडोरमध्ये क्विटो नावाचं शहर जवळपास २८५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या एचसीजेबी रेडिओ केंद्राच्या यागीची टोकं विरळ हवेत ठिणग्या टाकून वितळायची. क्लॅरेन्स मूर या इंजिनिअरनं विचार केला, टोकंच नसली तर? त्यानं तारेचा बंद चौकोन केला. मागं एक, पुढं एक. चौकोन ताणून धरायला काठ्या लागतात आणि त्यासाठी हॅम लोकांची पहिली पसंती बांबू! हे वाचल्यापासून भाऊंचं म्हणणं असं की क्वाडचा जन्म चुकून क्विटोत झाला, खरा तो गडचिरोली जिल्ह्याचा.

दहा मीटरसाठी चौकोनाची बाजू पावणेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे सव्वासहा फुटांच्या आठ काठ्या. कटांग नको, जाड आणि काटेरी. मानवेल हवा, जवळजवळ भरीव. जाणत्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, अंधाऱ्या पाखात तोडलेला घे, कीड लागत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, तोडल्यावर पाण्यात बुडवून ठेव. भाऊंनी परदेशी पुस्तक मिटलं. त्यात नुसतं “वार्निश लावा” एवढंच लिहिलं होतं.

तार मिळाली मोटार वायंडिंगच्या दुकानात.

“बावीस मीटर तांब्याची तार द्या.”

“आमी किलोवर देतो जी. मोटार कितीची आहे?”

“मोटार नाही, अँटेना आहे.”

“हाव, पण किती एच.पी.ची?”

राहता राहिलं इन्सुलेटर. तारेची दोन टोकं आणि केबल जिथं जोडायची तिथं पाणी न पिणारं, ऊन सोसणारं, भोक पाडलं तर न तडकणारं प्लास्टिक हवं. असं प्लास्टिक प्रत्येक सुखी संसारात असतं. त्यावर भाजी चिरतात.

“काजी, माझी पाटी पाह्यली का?”

भाऊ त्या वेळी नेमके छतावर असतात. वहिनींना उत्तर लागत नाही. पडद्याची नळी गेली तेव्हा, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी गेली तेव्हा, गॅसच्या नळीची क्लिप गेली तेव्हा त्या ज्या पायरीवर उभ्या होत्या त्याच पायरीवर उभ्या राहून त्या वर बघतात. चिरण्याची पाटी आता पंचवीस फुटांवर आहे आणि तिच्यावर कारल्याचा डाग अजून दिसतो.

गडचिरोली जिल्ह्यात असं काही छतावर उभं राहिलं की चौकशी होते आणि व्हायलाच हवी. म्हणून लायसन्सची लॅमिनेट केलेली प्रत दाराच्या आत खिळ्याला टांगलेली असते. साहेब येतात, प्रत उलटसुलट बघतात.

“कोणाशी बोलता?”

“जो उत्तर देईल त्याच्याशी.”

“म्हणजे आधी ठरलेलं नसतं?”

“नाही.”

“काय बोलता?”

“तुमचा आवाज कसा येतो ते. आणि हवामान.”

“बस?”

“नियमच तसा आहे साहेब. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी-बातम्या लावायच्या नाहीत. यंत्राबद्दल बोलायचं, थोडं घरगुती.”

साहेब बराच वेळ विचार करतात. एवढ्या खटपटीतून एवढंच निघतं, यावर त्यांचा हळूहळू विश्वास बसतो. चहा होतो. जाताना ते विचारतात, याच्या जोरावर मोबाइलची रेंज वाढेल का? हा प्रश्न इथं सगळेच विचारतात. रस्त्यात ठरावीक वळणावर, ठरावीक पुलावर दुचाकी थांबवून फोन उंच धरणारी माणसं या जिल्ह्यात पावलोपावली दिसतात. सिग्नल सगळेच शोधतात. हौसेनं शोधणारे तेवढे भाऊ.

मग दिशा. मोटारनं फिरणारा रोटेटर परवडत नाही. बुडाशी बांबूची आडवी दांडी बांधलेली, ती हातानं फिरवायची. मुलगा खाली, भाऊ हेडफोन लावून आत. “आलं का?” “अजून थोडं!” दूरदर्शनच्या काळात महाभारतासाठी झालेला हा संवाद पुढच्या पिढीत जपानसाठी होतो. मुंबई जवळपास सरळ पश्चिमेला. ओडिशाचं ब्रह्मपूर सरळ पूर्वेला. हैदराबाद नैर्ऋत्येला. आणि अमेरिका? शेजारी पश्चिमेकडे हात करतात. भाऊ हसतात. अहेरी ८० पूर्व रेखांशावर, आणि अमेरिकेच्या मधोमध जातो तो १०० पश्चिम. बेरीज १८०. म्हणजे सरळ उत्तरेला तोंड करा, उत्तर ध्रुव ओलांडा, पलीकडे उतरलात की डकोटा, नेब्रास्का, टेक्सास. अहेरीच्या सरळ उत्तरेला काय आहे? गडचिरोली. “अमेरिका गडचिरोलीच्या बाजूला आहे,” हे भाऊ गंभीरपणे सांगतात आणि जिल्ह्याच्या कचेरीत खेपा घातलेल्या माणसांना ते पटतं, कारण गडचिरोली त्यांनाही तेवढीच लांब वाटलेली असते.

सगळं जुळलं तरी एसडब्ल्यूआर उरतोच. केबलमधून गेलेल्या शक्तीतली किती अँटेनानं नाकारून परत पाठवली ते सांगणारा हा आकडा. १ आला तर स्वर्ग. १.५ आला तर जगात कुणाचं अडत नाही. भाऊंचा १.४ येतो. कुणाचंही समाधान झालं असतं. भाऊ पुन्हा शिडी लावतात, तार बोटभर कापतात, उतरतात, बघतात, १.३. पुन्हा शिडी. नणंदेच्या मुलीसाठी स्थळ बघणाऱ्या आत्याबाईच्या चिकाटीनं हे चालतं आणि शेवटी तार आखूड पडते. मग वायंडिंगवाल्याकडे.

याचा उपयोग काय, असं विचारलं की भाऊ चिडत नाहीत. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या एनआयएआर या संस्थेच्या भारती प्रसाद यांची टोळी अशाच हौसेनं अंदमानला गेली होती. काम काय? पोर्ट ब्लेअरमधून जगाला “फाइव्ह नाइन”, म्हणजे आवाज चोख येतोय, असं म्हणायचं, बस. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले आणि त्याच निरुद्योगी रेडिओवरून बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. पावसाळ्यात पर्लकोटा फुगून भामरागड तुटतं तेव्हा भाऊंच्या मनात हेच असतं. त्यासाठी वेगळी, आडवी तारही त्यांनी आखली आहे. तिचंही सामान जमतंय.

आणि एका सकाळी उत्तर येतं. बीम गडचिरोलीकडे, भाऊ माइकसमोर. गावाचं नाव अक्षर-अक्षर सांगायचं असतं: “अल्फा, हॉटेल, एको, रोमिओ, इंडिया.” स्वयंपाकघरात वहिनींना त्यातलं ‘हॉटेल’ आणि ‘रोमिओ’ एवढंच ऐकू जातं आणि त्या कढईसकट दारात येतात. पलीकडे टेक्सासचा एक पेन्शनर आजोबा. आवाज फाइव्ह नाइन. हवामान गरम, इकडेही गरम. मग मुद्द्याचं. अँटेना कोणती? क्वाड. काठ्या कशाच्या? भाऊ छाती फुगवून सांगतात, बांबू. खरा. भरीव. मानवेल.

तिकडे क्षणभर शांतता. मग आजोबा कळवळून सांगतात की त्यांचाही क्वाड अडला आहे. फायबरग्लास महाग, दुकानातला बांबू पोकळ, वाऱ्यानं मोडतो. भरीव कुठंच मिळत नाही.

जगाच्या त्या टोकाला आपल्यासारखाच एक माणूस सामानासाठी वणवण करतो आहे, हे कळल्यावर भाऊंना चैन कसली? धंद्याचं बोलायची मनाई, म्हणून पैशाचा विषय निघालाच नाही. आठ काठ्या भेट. दुसऱ्या दिवशी ते वन विभागाच्या कचेरीत टीपीसाठी, म्हणजे वाहतूक परवान्यासाठी, हजर. बाबू अर्ज पुढं ओढतो. माल? बांबू, मानवेल, नग आठ. कारण? हौस. कुठं न्यायचा? टेक्सास.

“हे कोणत्या तालुक्यात येते जी?”

“गडचिरोलीवरून सरळ,” भाऊ म्हणतात, “वळायचं कुठंच नाही.”