डिलीट नाही, अर्काइव्ह

तुमच्याही नात्यात तो असणारच. सगळी मंडळी गप्पांना बसली, की हा कोपऱ्यात मान खाली घालून यंत्राशी काहीतरी करत असतो. काय चाललंय विचारलं तर म्हणतो, "काही नाही, जरा जागा करतोय." आमच्याकडे हे पद माझ्या मेहुण्याकडे आहे. डोंबिवलीत वन बीएचके, बँकेत नोकरी, वय पंचेचाळीस, हातात निन्टेंडो स्विच. या वयात व्हिडिओ गेम खेळतो याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती तो खेळत नाही याबद्दल. तो जागा करतो.

यंत्राची मेमरी ३२ जीबी. त्यातले सहाएक जीबी यंत्र स्वतःच्याच कारभाराला ठेवून घेतं, हाती लागतात सव्वीसच्या आतबाहेर. यावर मेहुणा चिडलेला मी कधी पाहिला नाही. ३२ हा सुपर बिल्टअप आणि २६ हा कार्पेट, हे डोंबिवलीत फ्लॅट घेतलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तर या सव्वीसात त्याचा संसार. 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' चौदाच्या घरात, त्याच्या पुढचा भाग सोळाच्या घरात, म्हणजे हे दोघे एका छपराखाली नांदणं अशक्य. 'मारिओ ओडिसी' सहाच्याही आत, गरीब बिचारा, कुठल्याही कोपऱ्यात पडून राहतो. 'विचर ३' तर ३२ जीबीच्या कार्ट्रिजवर विकला जातो. त्याला दारातूनच नमस्कार.

मेहुण्याचा खरा जीव आहे तो 'अर्काइव्ह' या सोयीवर. गेम डिलीट केला, की पडद्यावरचं त्याचं चिन्हही जातं. अर्काइव्ह केला तर आतला माल तेवढा जातो, चिन्ह जागच्या जागी राहतं. तुम्ही कुठवर पोचला होतात त्याची नोंद, म्हणजे सेव्ह, तीही यंत्रात शाबूत. वाटेल तेव्हा गेम पुन्हा उतरवून घ्या. हे कळल्या दिवसापासून त्याला जगात दुसरं काही दिसेनासं झालं.

एकदा गेलो तर बाहेरच्या खोलीतला सोफा-कम-बेड गायब. "विकलास का रे?"

"विकला नाही, भावोजी. अर्काइव्ह केला." म्हणजे बदलापूरला सासऱ्यांकडे पाठवला.

पुढल्या खेपेला वहिनींचं शिलाई मशीन जिन्याखाली अर्काइव्ह झालेलं होतं. मग व्यायामशाळा. तिचं कार्ड मात्र पाकिटात होतं, चिन्ह म्हणून. डॉक्टरांनी साखर अर्काइव्ह करायला लावली (शब्द अर्थातच डॉक्टरांचा नव्हे). थोरल्या काकांशी दोन वर्षं बोलणं नाही, त्याबद्दल मी आडून विचारलं तर म्हणाला, "भांडण कसलं? फोटो भिंतीवर आहे की!" शेवटी वहिनी म्हणाल्या, "मीसुद्धा पंधरा दिवस माहेरी जाऊन येते. टिकली आरशाला लावून ठेवते, चिन्ह म्हणून." त्या गेल्यावर यानं पहिल्याच दिवशी त्यांचं अर्धं कपाट मोकळं केलं.

"अरे, मग मोठं मेमरी कार्ड का घेत नाहीस?" हा प्रश्न त्याला सगळ्यांनी विचारून झाला आहे. त्यानं घेतलं होतं. मुंबईत एका फूटपाथवर एक टीबीचं कार्ड त्याला इतकं स्वस्त मिळालं, की बँकेत काम करणाऱ्या माणसाला संशय यायला हवा होता. कार्डानं यंत्राला निर्लज्जपणे एक टीबी असल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात पोटात त्याच्या पासंगालाही न पुरणारी जागा. ती भरली, आणि नवा गेम जुन्यावर जाऊन बसू लागला. "न विचारता डिलीट, भावोजी! साधं अर्काइव्हसुद्धा नाही!" गेलेल्या पैशांपेक्षा हा असंस्कृतपणा त्याला जास्त लागला.

तेव्हापासून टंचाई हे त्याचं तत्त्वज्ञान झालं. कार्ट्रिज घ्यावी तर ती घरात जागा खाते, न घ्यावी तर गेम यंत्रात जागा खातो. १९८५ची 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० केबीत बसली होती, हे तो लग्नाच्या पंगतीतही सांगतो. लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेममध्ये '९९९९ इन १'ची कॅसेट घालून तो हेच खेळला. त्यातले बरेचसे गेम तेच ते फिरून यायचे, ही गोष्ट तो सोयीनं अर्काइव्ह करतो. जून २०२५मध्ये २५६ जीबीचा स्विच २ आला, तेव्हा त्याचा चेहरा पडला. "एवढ्या ऐसपैस यंत्रात पोरांना वळण कसं लागणार?"

गणपतीत त्याचं यंत्र माझ्या हाती लागलं. बहुतेक गेम नुसती चिन्हं उरलेले, आणि मधोमध एक भरलेला, सात जीबीच्या आसपास अडवून बसलेला: 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स'.

हा गेम २० मार्च २०२० रोजी आला आणि पाच दिवसांनी देशाला कुलूप लागलं. निन्टेंडो आपल्याकडे अधिकृतपणे यंत्रं विकत नाही, त्यामुळे कुणीतरी दुबईहून आणून दिलेलं हे यंत्र घरात आधीपासून होतं. भाची तेव्हा आठवीत. या खेळात एका यंत्रावर एकच बेट. जो पहिला सुरू करेल तो बेटाचा प्रतिनिधी, बाकीचे नुसते रहिवासी. भाचीनं आधी सुरू केलं. पूल कुठे बांधायचा हे तिनं ठरवायचं, बापानं फळं वेचायची आणि मासे धरायचे. वन बीएचकेत महिनोन्महिने कोंडलेली ती दोघं रोज संध्याकाळी त्या बेटावर फिरायला जात. भाची आता जर्मनीत शिकते.

मी त्याचंच शस्त्र उपसलं. "हा अर्काइव्ह कर की. चिन्ह राहतं, सेव्ह राहतं, तूच सांगतोस."

तो बराच वेळ चार्जरची वायर गुंडाळत बसला. मग म्हणाला, "गवत वाढतं, भावोजी."

खरंच वाढतं. त्या बेटाचं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालतं. तुम्ही फिरकला नाहीत तर रान माजतं, परतल्यावर तिथले प्राणी कुठे होतास म्हणून विचारतात. मेहुणा रोज रात्री जेवण झालं, की जाऊन गवत उपटतो. पूल बांधायचा अधिकार त्याला अजूनही नाही.

"तिला माहीत आहे?"

"वेडे आहात का? म्हणेल, बाबा, डिलीट करा."

आणि मग माझ्या लक्षात आलं. सोफा गेला, मशीन गेलं, पण खिडकीपाशी भाचीचं अभ्यासाचं टेबल आहे तिथेच आहे, दिवासुद्धा. मी बोललो नाही. या माणसाला सहानुभूती दाखवली तर तो तिचेही जीबी मोजेल.

आता डिसेंबरात भाची येतेय. तिला झोपायला जागा हवी म्हणून मेहुणा सोफा परत आणायला बदलापूरला गेला, तर सासऱ्यांनी तो केव्हाच भंगारवाल्याला देऊन टाकलेला. त्यावर सासरा-जावयात काय बोलणं झालं ते वहिनी सांगत नाहीत. त्यामुळे तूर्त आमच्या घरचा दिवाण डोंबिवलीला निघाला आहे. टेम्पोचं भाडं माझ्याकडे लागलंय. "उतरवून घ्यायला खर्च येतोच, भावोजी," असं त्याचं म्हणणं.